व्हॉल्व्हच्या गिटार अँपला ट्रेबल कट लावायचा, पण कुठे?

फेंडरच्या ट्वीड कापडातल्या जुन्या चॅम्प अँपवर, म्हणजे ५एफ१ या सर्किटवर, आवाजाचा नॉब एकच: व्हॉल्यूम. आत तीन व्हॉल्व्ह. १२एएक्स७ गिटारचा सिग्नल वाढवतो, ६व्ही६ स्पीकर हलवतो आणि ५वाय३ एसीचं डीसी करतो. ताकद पाच वॅटच्या आसपास. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात नवशिक्यांसाठी काढलेलं हे स्वस्त अँप आज जगभरचे हौशी लोक घरी बनवतात, कारण अख्खं सर्किट एका कागदावर मावतं आणि आवाज किमतीच्या मानाने फारच गोड आहे.

फक्त टेलिकास्टरसारखी सिंगल कॉइलची गिटार लावली, खोली लहान असली आणि आठ इंची स्पीकर सरळ कानाकडे तोंड करून बसला असला, की वरचा आवाज टोचतो. मग ट्रेबल कापणारा एखादा नॉब बसवावा असं वाटू लागतं. काम दिसायला किरकोळ आहे. एक पॉट (नॉब फिरवून ज्याचा रोध कमीजास्त करता येतो तो भाग), एक कपॅसिटर, सोल्डरचे तीन-चार डाग. आणि लोक वाद घालतात तो कपॅसिटर किती नॅनोफॅरडचा घ्यावा यावर. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न तो कुठे लावायचा हा. जागा ठरली की आकडा त्या जागेतूनच निघतो, आणि जागा चुकली तर कुठलाही आकडा उपयोगी पडत नाही.

आधी ट्रेबल म्हणजे नेमकं काय कापायचंय ते पाहू. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झचा सूर येतो. सगळ्यात बारीक तारेवर बाविसाव्या पडद्यावर बोट ठेवलं तर सुमारे ११७५ हर्ट्झ. म्हणजे वाजवलेल्या स्वरांची मूळ वारंवारता इथेच संपते. त्याच्या वर असतात ते त्या स्वरांचे हार्मोनिक, पिकचा टिकटिकाट आणि अँप स्वतः तयार करतं ती खरखर. गिटारचा स्पीकर हायफायचा नसतो. पाच हजार हर्ट्झच्या पुढे तो झपाट्याने मुका होत जातो. तेव्हा टोचणारा भाग साधारण १५०० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात शोधायचा. आठ हजारांवरचं कापणारा कपॅसिटर लावला तर ऐकू येण्यासारखं काहीच घडणार नाही.

कपॅसिटरचा गुण असा की वारंवारता जितकी जास्त तितका तो सिग्नलला कमी अडवतो. सिग्नलच्या वाटेवरून ग्राउंडकडे एक कपॅसिटर जोडला तर खालचे सूर तिकडे फारसे वळत नाहीत, वरचे मात्र पळून जातात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढची गोष्ट निसटते. किती सिग्नल पळून जाईल हे एकट्या कपॅसिटरवर ठरत नाही, मागून सिग्नल किती जोराने येतोय यावरही ठरतं. इमारतीत वरच्या मजल्यावर नळ चालू असताना खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला, तर टाकीचा पाइप बारीक असेल तेव्हाच वरची धार पातळ होते. पाइप जाड असेल तर वरच्याला पत्ताही लागत नाही. सर्किटमध्ये या पाइपच्या बारीकपणाला स्रोताचा इंपिडन्स म्हणतात, आणि ट्रेबल कटचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

१२एएक्स७च्या एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह, म्हणजे दोन भाग असतात. त्यातल्या एका भागाचा स्वतःचा अंतर्गत रोध सुमारे ६२ किलोओहम असतो. प्लेटवर, म्हणजे वाढलेला सिग्नल जिथून बाहेर पडतो त्या टोकावर, बहुतेक अँपमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर असतो. सिग्नलच्या दृष्टीने पॉवर सप्लाय म्हणजे ग्राउंडच, म्हणून हे दोन्ही समांतर धरायचे. उत्तर येतं साधारण ३८ किलोओहम. कॅथोडच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या ग्राउंडकडच्या टोकाच्या, रेझिस्टरवर मोठा कपॅसिटर बसवलेला असेल तेव्हाचा हा आकडा. तो कपॅसिटर नसेल तर हाच स्रोत ७० किलोओहमच्या जवळ जातो. तेव्हा आपल्या अँपमध्ये तो आहे की नाही हे आधी बघून घ्या.

आता हिशोब अगदी सोपा. १,५९,००० या आकड्याला किलोओहम आणि नॅनोफॅरड यांच्या गुणाकाराने भागा. येतो तो आकडा हर्ट्झमध्ये, आणि तिथून वर ट्रेबल उतरायला लागते, दर सप्तकाला सहा डेसिबेलच्या उताराने. ३८ किलोओहमला १ नॅनोफॅरड लावला तर ४२०० हर्ट्झच्या आसपास. २.२ नॅनोफॅरडला १९००. ४.७ नॅनोफॅरडला ८९०. १० नॅनोफॅरडला ४२०, म्हणजे स्पीकरवर गोधडी टाकल्यासारखा आवाज.

एक फसवी जागा इथेच आहे. पुष्कळ गिटारींच्या टोन नॉबला २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असतो, म्हणून तोच अँपमध्ये लावायचा मोह होतो. पण गिटारच्या पिकअपचा स्वभाव वेगळा आहे. त्याचा डीसी रोध काही हजार ओहमच असतो, आणि वर तारेच्या हजारो वेढ्यांचा इंडक्टन्स. तिथे २२ नॅनोफॅरड शोभतो. अँपमधल्या ३८ किलोओहमवर तोच कपॅसिटर पूर्ण उघडला तर १९० हर्ट्झपासून वरचं सगळं उतरायला लागतं. जाड तारांचेही बरेचसे सूर त्यात गेले.

आता पॉट. कपॅसिटरच्या जोडीला तो ओळीने बसतो आणि पळवाट किती रुंद ठेवायची ते ठरवतो. पॉटचा रोध शून्य असेल तर ट्रेबल उतरतच जाते. रोध वाढवला तर ती ठरावीक खोलीला जाऊन थांबते. उदाहरणार्थ पॉट ३८ किलोओहमवर असेल, म्हणजे स्रोताइतकाच, तर वरचा सिग्नल अर्धा होऊन, सहा डेसिबेल खाली जाऊन स्थिर होतो. सगळा रोध मध्ये घेतला की कट जवळजवळ बंद. जवळजवळच, कारण २५० किलोओहमचा पॉट पूर्ण असतानाही सव्वा डेसिबेल जातंच. १ मेगओहमच्या पॉटला हे नुकसान ०.३ डेसिबेलवर येतं. तरीही मी २५०चाच घेईन. सव्वा डेसिबेल कानाला कळत नाही, आणि १ मेगओहमच्या नॉबचा बराचसा फेरा काही न करता वाया जातो.

पॉट लॉगचा घ्या, लिनिअर नको. २५० किलोओहमचा लिनिअर पॉट अर्ध्यावर असताना १२५ किलोओहम देतो आणि ट्रेबल जेमतेम सव्वादोन डेसिबेल उतरते. उरलेली सगळी करामत शेवटच्या थोड्याशा फिरण्यात कोंबली जाते. लॉगचा पॉट अर्ध्यावर २५ ते ३८ किलोओहमच्या दरम्यान असतो, म्हणजे सहा ते आठ डेसिबेल. नॉब फिरेल तसा कान ऐकतो. पॉटवर ए अक्षर असेल तर आजकाल तो बहुधा लॉगचा असतो, पण जुन्या युरोपीय मालावर त्याच अक्षराचा अर्थ उलटा असू शकतो. मीटर लावा, नॉब मध्यावर न्या आणि मोजा.

मोठ्या कपॅसिटरचा आणखी एक तोटा या पॉटमुळेच उघडा पडतो. २२ नॅनोफॅरडबरोबर पॉट ३८ किलोओहमवर ठेवला तर उतार ९५ हर्ट्झला सुरू होतो आणि १९०च्या सुमारास सपाट होतो. म्हणजे गिटारचा जवळजवळ सगळा पट्टा सारखाच सहा डेसिबेल खाली गेला. याला टोन कंट्रोल म्हणत नाहीत, हा दुसरा व्हॉल्यूम झाला.

आता जागेकडे. चॅम्पमध्ये सिग्नलचा प्रवास असा: गिटार, १२एएक्स७चा पहिला भाग, कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा), व्हॉल्यूम, १२एएक्स७चा दुसरा भाग, पुन्हा कपलिंग कपॅसिटर, ६व्ही६, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर. ट्रेबल कट यात चार-पाच ठिकाणी बसू शकतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा वागतो.

सगळ्यात शेवटची जागा आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या ओळखीची आहे. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ असलेल्यांना टोनचा नॉब आठवत असेल. मीडियम वेव्हवर खरखर वाढली की तो फिरवायचा, मग बातम्या मऊ ऐकू यायच्या. त्यातल्या कित्येक रेडिओंत आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटवर पॉट आणि कपॅसिटर लावून वरचे सूर तिथेच मारलेले असत. गिटार अँपमध्ये मी हे करणार नाही. ६व्ही६ची प्लेट जोरात वाजवताना सप्लायच्या दुपटीपर्यंत उसळते, त्यात ट्रान्सफॉर्मरचे झटके वेगळे. हजार व्होल्टच्या वरचा कपॅसिटर हवा, पॉटही तेवढा सोसणारा हवा, आणि ती वायर पॅनलपर्यंत ओढायची म्हणजे संकट हाताशी आणून ठेवण्यासारखं.

दुसरी जागा, ६व्ही६च्या आधी, फार मोहाची आहे. दुसरा भाग विकृत व्हायला लागला की त्याची खरखर इथे कापता येईल असं वाटतं. पण चॅम्पमध्ये स्पीकरवरून २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून थोडा सिग्नल मागे, दुसऱ्या भागाच्या कॅथोडवर येतो. याला नकारात्मक फीडबॅक म्हणतात. त्याचं काम बाहेर गेलेला आवाज आत आलेल्याशी ताडून पाहणं आणि फरक भरून काढणं. तुम्ही या वळशाच्या आत ट्रेबल कापलीत की फीडबॅक ती चूक समजतो आणि दुसऱ्या भागाकडून जास्त ट्रेबल काढून घेतो. तुम्ही कापताय, तो भरतोय. चॅम्पचा फीडबॅक काही फार जबरदस्त नाही, त्यामुळे कट अगदी रद्द होत नाही, बोथट होतो. शिवाय कपॅसिटरने आणलेला फेजचा फरक आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या फरकात मिसळला की अँप शिट्टी वाजवायला लागण्याची शक्यता वाढते. फीडबॅक असलेल्या अँपमध्ये कट नेहमी त्या वळशाच्या बाहेर हवा.

व्हॉक्सने मात्र नेमकं याच जागी कट ठेवला आणि तो गाजला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एसी१५ आणि एसी३० या इंग्लिश अँपांमध्ये पॉवर व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. फेज इन्व्हर्टर एकच सिग्नल दोन उलट रूपांत देतो: एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. एसी३०मध्ये या दोन वाटांच्या मधोमध ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि एक पॉट आडवा टाकलेला असतो. वरच्या वारंवारतेला हे दोन उलट सिग्नल एकमेकांना भेटून विझतात. ग्राउंडची गरजच नाही. दोन्ही वाटांवर सारखाच आलेला गुणगुणाट असेल तर त्या कपॅसिटरला तो दिसतही नाही, कारण दोन्ही टोकं एकाच वेळी वर-खाली होतात. खरोखर सुंदर कल्पना. व्हॉक्सला ती परवडली कारण एसी३०मध्ये स्पीकरवरून परत येणारा फीडबॅकच नाही. कटशी भांडणारं कुणी नाही. चॅम्पमध्ये एकच पॉवर व्हॉल्व्ह, एकच वाट, आणि वर फीडबॅक. व्हॉक्सचा कट तिथे उचलून लावायला सिग्नलची दुसरी, उलटी वाटच नाही.

तिसरी जागा व्हॉल्यूमच्या सरकत्या टोकावर. ही फीडबॅकच्या बाहेर आहे, पण स्रोताचा इंपिडन्स इथे व्हॉल्यूमबरोबर हलतो. व्हॉल्यूम पूर्ण असेल तर मागे तेच ३८ किलोओहम. १ मेगओहमचा व्हॉल्यूम रोधाच्या मध्यावर असेल तर मागे २६० किलोओहमच्या आसपास. आता ४.७ नॅनोफॅरड पूर्ण कटवर १३० हर्ट्झपासूनच कापायला लागेल. हळू वाजवताना चिखल आणि जोरात वाजवताना मोकळा आवाज असं होणार. फेंडरनेच चॅम्पच्या जवळच्या भावंडात, ५एफ२-ए प्रिन्स्टनमध्ये, जवळपास हीच गुंतागुंत मुद्दाम वापरली. तिथे टोनचा पॉट १ मेगओहमचा. एका टोकाला ०.००५ मायक्रोफॅरडमधून ट्रेबल ग्राउंडला जाते, दुसऱ्या टोकाला ५०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर ट्रेबलला व्हॉल्यूमला वळसा घालून पुढे नेतो. एकाच नॉबने कापायचंही आणि वाढवायचंही. दोन्ही नॉब एकमेकांत अडकलेले असतात, आणि प्रिन्स्टन आवडणाऱ्यांना तो अडकाच प्रिय असतो. तो आवाज हवा असेल तर प्रिन्स्टनचं पूर्ण सर्किट बांधा. अर्धं उचलू नका.

उरली ती जागा मला चॅम्पसाठी बरोबर वाटते: पहिल्या कपलिंग कपॅसिटरच्या पलीकडे आणि व्हॉल्यूमच्या वरच्या टोकावर. इथे फीडबॅक नाही. स्रोत कायम तोच, व्हॉल्यूम कितीही असो. प्लेटचा डीसी कपलिंग कपॅसिटरने आधीच अडवलेला, त्यामुळे पॉट फिरवताना फडफड ऐकू येत नाही. आणि पुढे विकृती होण्याआधीच टोचणारा भाग निघून गेल्यामुळे दुसरा भाग आणि ६व्ही६ जेव्हा फाटतात, तेव्हा ते भरदार मधल्या सुरांवर फाटतात.

गिटारवर टोनचा नॉब आहेच, मग अँपमध्ये कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण गिटारचा नॉब पिकअपवर बसलेला असतो. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची धारकता मिळून काही हजार हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार करतात, आणि गिटारचा टोन आधी तो उंचवटाच दाबतो. आवाजातला जिवंतपणा तिथे असतो. मधे फझ किंवा ओव्हरड्राइव्हचं पेडल असेल तर त्याची खरखर गिटारच्या नॉबच्या पुढे जन्माला येते, तिला तो नॉब हात लावू शकत नाही. अँपमधला कट लावू शकतो.

कपॅसिटर किती? सिंगल कॉइलसाठी मी २.२ नॅनोफॅरडपासून सुरुवात करीन. कॅथोडवर मोठा कपॅसिटर नसलेल्या अँपमध्ये १ नॅनोफॅरडच त्याच ठिकाणी पोचतो, कारण तिथे स्रोत मोठा आहे. ४.७ फक्त जॅझसारखा बंद आवाज हवा असेल तर. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत नॅनोफॅरड म्हणण्यापेक्षा अंगावरचा आकडा सांगणं सोपं पडतं: १ नॅनोफॅरड म्हणजे १०२, २.२ म्हणजे २२२, ४.७ म्हणजे ४७२. फिल्मचा आणि किमान ४०० व्होल्टचा मागा. रोजच्या वापरात त्याच्यावर डीसी नसतो, पण मागचा कपलिंग कपॅसिटर कधी शॉर्ट झाला तर प्लेटचं व्होल्टेज थेट त्याच्यावर येतं.

हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट, आणि ही पुसटशी सूचना नाही. या अँपमध्ये ३००हून जास्त व्होल्ट डीसी असतं आणि फिल्टरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही ते धरून ठेवू शकतात. प्लग काढा, दहा किलोओहम पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर काही सेकंद धरा, मग मीटरने मोजा. शून्याच्या जवळ दिसेपर्यंत आत हात नाही. मोजताना एक हात खिशात ठेवायची सवय उत्तम. अमेरिकेतून आणलेलं जुनं अँप असेल तर त्याचा दोन पिनांचा प्लग काढून अर्थिंगची तीन पिनांची केबल बसवून घ्या. आणि आपल्या २३० व्होल्टवर ते स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका. यातलं काही नवं वाटत असेल तर हे काम व्हॉल्व्ह हाताळणाऱ्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

जोडणी छोटी आहे. कपॅसिटरचं एक टोक व्हॉल्यूमच्या वरच्या टोकावर, दुसरं नव्या पॉटच्या मधल्या टोकावर. नॉब डावीकडे नेला की कट व्हावा असं हवं असेल तर पॉटचं ते टोक ग्राउंडला न्या ज्याच्या आणि मधल्याच्या दरम्यान डावीकडे फिरवल्यावर शून्य ओहम दिसतात. गिटारच्या टोनचीही हीच दिशा, हाताला सवयीची. व्हॉक्सचा कट याच्या उलट, उजवीकडे फिरवला की कापतो. लॉगचा पॉट उलटा जोडून ती दिशा मिळवलीत तर सगळा परिणाम एका टोकाला गोळा होतो, म्हणून तसं करू नका. ग्राउंड व्हॉल्यूमच्याच ग्राउंडला द्या, चासीवर दुसरीकडे कुठेतरी नको, नाहीतर गुणगुणाट घुसेल. कपॅसिटर व्हॉल्यूमला चिकटून ठेवा आणि वायर आखूड.

पॅनलला भोक पाडायची गरज नाही. चॅम्पला दोन इनपुट जॅक असतात आणि दुसरा क्वचितच कुणी वापरतं. मोठ्या पॉटची मान आणि गिटारचा जॅक बहुधा एकाच मापाच्या भोकात बसतात, तीन अष्टमांश इंचाच्या. दुसरा जॅक काढून तिथे पॉट लावा. मात्र पहिल्या जॅकची जोडणी दुसऱ्याशी गुंतलेली असते, ती आधी नीट करून घ्या. जॅक पिशवीत घालून अँपच्या तळाशी ठेवा. जुन्या अस्सल चॅम्पची किंमत मूळ अवस्थेत असण्यावर अवलंबून असते.

बसवून झाल्यावर कट पूर्ण करून गिटार स्वच्छ आणि हळू वाजवा. आवाज मऊ झाला तर काम झालं. मग व्हॉल्यूम पूर्ण चढवा. आता परत टोचायला लागलं तर ती धार ६व्ही६ फाटताना तयार होतेय, तुमच्या कपॅसिटरच्या पुढे. तिला मोठा कपॅसिटर आवरणार नाही. स्पीकर मऊ स्वभावाचा लावा, किंवा निदान अँप कानाच्या रेषेतून थोडं बाजूला वळवा. स्पीकरमधून वरचे सूर अरुंद झोतासारखे सरळ पुढे जातात, बाजूला बसणाऱ्याला ते कमीच पोचतात.